उपासाचा वार

डॉक्टरांनी चंपतरावांच्या दंडावरचा पट्टा सोडला आणि विचारलं, "आज वार कोणता?"

चंपतराव नुसते हसले. बाजारहत्नूरचा हा भाजीवाला, कोणत्या गावाचा बाजार कोणत्या वारी ते झोपेतही सांगायचा. आता दोन वर्षं झाली, सख्ख्या बायकोला तो गिऱ्हाइकासारखं 'बाई' म्हणत होता.

"सांगा ना बाबा," मुलगा दौलत म्हणाला. चंपतराव खिडकीबाहेर, आदिलाबादच्या रस्त्याकडे पाहत राहिले.

"बीपी वर्षानुवर्षं चढलेलं राहिलं की मेंदूच्या नसा खराब होतात. मग विसर पडतो," डॉक्टर म्हणाले. "गोळी रोज घेत होते ना?"

"एक दिस चुकली नाही," जयवंताबाई म्हणाल्या.

दौलतनं मान हलवली. आईच्या शब्दावर त्याचा डोळे झाकून विश्वास.

मन चिंती ते वैरी न चिंती. सात वर्षांपूर्वी नवऱ्याला पहिली चक्कर आली, तेव्हा त्याच्या आयुष्यासाठी जयवंताबाईंनीच दोघांचे सोमवार आणि शनिवार धरले होते. अजून सोडले नव्हते. गोळी पोटात गेली की उपास मोडला, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. "डोकं जड झालं वं, दे ना गोळी," तो म्हणायचा, आणि त्या खेकसायच्या. ते 'दे ना' आता त्यांना शेतात निंदताना, भाकरी थापताना, कुठंही ऐकू येई. फार भीती वाटे.

"आत्ताच एक घ्या. बीपी फार आहे." डॉक्टरांनी गोळी चंपतरावांच्या तळहातावर ठेवली.

चंपतरावांनी ती बघितली आणि टेबलावर परत ठेवली.

"आज नाही चालत. सकाळी साबुदाणा खाल्ला. आज सोमवार हाय."

"बरोबर, बाबा. सोमवारच हाय," दौलत हरखून म्हणाला.

डॉक्टर हसले नाहीत. ते जयवंताबाईंकडे पाहत होते.

चंपतराव शेजारी झुकले. "कोनाला सांगू नका, बाई. घरी जयवंता लई रागावते."

जयवंताबाईंनी गोळी उचलून त्यांच्या ओठांशी नेली.

"घ्या. मी सांगीन तिले."

"ती नाही आयकत," ते म्हणाले, आणि तोंड घट्ट मिटून घेतलं.