संयम सरांचा गेम

"चिंधाभाऊ, बटणंच चालत नाहीत!" फोनवर संयम सरांचा आवाज चिरकत होता. "गेम उघडतोय, पण गाडी जागची हलत नाही. परीक्षक अकराला येतील. तुम्ही येताय ना जळगावला?"

"येतोय सर," चिंधाभाऊ म्हणाले. त्यांची एसटी पारोळा सोडून पुढे आली होती. धुळ्याहून ते बोलावण्याची वाट न पाहताच निघाले होते. हा फोन येणार हे त्यांना आठ दिवसांपासून ठाऊक होतं.

धुळ्यातल्या एका खासगी कॉलेजात ते सत्तावीस वर्षं लॅब असिस्टंट होते. कॉम्प्युटर पुसायचे, वायरी बदलायच्या. कॉलेजने सगळीकडे विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स टाकलं, तेव्हा ते स्वतःच शिकले. मग बेबाबाईंना, त्यांच्या बायकोला, अर्धांगवायूचा झटका आला. उजव्या हाताची बोटं हलती ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. रबरी चेंडू दाबून बाई कंटाळल्या. चिंधाभाऊंनी हातात मावणारं लिनक्सचं एक जुनं गेमिंग यंत्र मिळवलं आणि त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा गेम चढवायला घेतला. गेम विंडोजसाठी बनलेला. लिनक्सला त्याची भाषा कळेना. आठ महिने खटपट करून त्यांनी तो चालवला, शिवाय अशक्त बोटालाही दाबता येतील अशी बटणं जुळवली. पहिली शर्यत संपली, त्या दिवशी बेबाबाई लाजल्यासारख्या हसल्या होत्या.

त्याच कॉलेजातले प्राध्यापक संयम सर, त्यांनी ते लॅबमध्ये पाहिलं. "बघून देतो," म्हणून पेनड्राइव्हवर घेतलं. दोन महिन्यांनी पेपरात फोटो आला: रुग्णांसाठी गेम, प्राध्यापकांचं संशोधन.

"हाऊ ते तुमना गेम शे ना?" बेबाबाईंनी विचारलं. "मंग फोटूमा हाऊ कोण?"

चिंधाभाऊंनी पेपराची घडी घातली. त्या दिवसापासून ते सरांना जास्तच अदबीने नमस्कार करू लागले.

आठ दिवसांपूर्वी त्या यंत्राच्या लिनक्सचं नवं अपडेट आलं आणि घरचा गेम बंद पडला. अपडेटने बटणांची ओळखच बदलली होती. एका फाइलमधली एक ओळ बदलली की काम होत होतं. त्यांनी घरचं यंत्र सुरू केलं. कॉलेजात मात्र सरांना म्हणाले, "सर, जळगावच्या प्रदर्शनाआधी तुमचीही यंत्रं अपडेट करून घ्या."

जळगावला प्रदर्शनाच्या सभागृहात सरांच्या टेबलाभोवती गर्दी होती. परीक्षक घड्याळ बघत होते. चिंधाभाऊ समोर जाऊन उभे राहिले.

"सर, बटणांची फाइल कुठे ठेवलीय तुम्ही?"

"अहो, तुम्हीच बघा ना."

"संशोधन तुमचं. मी कशाला हात लावू?"

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी चिंधाभाऊंना बाजूला घेतलं. "तुमचंही नाव टाकतो. दोघांचं टाकू. पण आत्ता चालू करा."

"पेपरात टाकायचं होतं," चिंधाभाऊ म्हणाले, आणि हात मागे बांधून उभे राहिले.

परीक्षकांनी आणखी पाच मिनिटं दिली. सरांनी मेनू उघडले, बंद केले, यंत्र पुन्हा सुरू केलं. एकाने विचारलं, "हे तुम्हीच बनवलंय ना?" सर पुन्हा तीच बटणं दाबत राहिले. कागदावर काहीतरी खरडून परीक्षक पुढच्या टेबलाकडे गेले. पाठोपाठ सरही मान खाली घालून दाराकडे निघाले. चिंधाभाऊंनी त्यांना दारापर्यंत डोळे भरून पाहिलं. इतकं गार कितीतरी महिन्यांत वाटलं नव्हतं.

"व्हयना का भाऊ चालू?"

टेबलाच्या कडेला खुर्चीत पन्नाशीची एक बाई बसली होती. शेजारी तिची मुलगी उभी होती. "आम्ही अमळनेरहून आलोय," मुलगी म्हणाली. "डॉक्टरांनी पेपर दाखवून पाठवलं. आई सकाळपासून बसलीय."

यंत्र तिच्यासमोरच होतं. चिंधाभाऊंचा हात त्याच्याकडे गेला. दारापाशी सर परत वळून बघत होते.

"नही अक्का," चिंधाभाऊ म्हणाले. "बंद शे."

"बरं," बाई म्हणाली. टेबलावर ठेवलेला आपला डावा हात तिने उजव्या हाताने, झोपलेलं मूल उचलावं तसा उचलला, मांडीवर ठेवला आणि त्यावर पदर ओढून घेतला.