पेवातली ओवी

मी एक जुनं पेव आहे. मित्रांनो, तुमच्यातल्या कित्येकांनी पेव पाहिलंही नसेल. जमिनीच्या पोटात खणलेलं ज्वारीचं कोठार म्हणजे मी. तोंड एवढंसं, एक माणूस कसाबसा उतरेल इतकं. पोट मात्र रांजणासारखं फुगलेलं. अहमदपूरजवळच्या एका शेतात, पांढऱ्या मातीत, शेतमालक ईश्वरप्पांच्या वडिलांनी मला खणलं. आत जाळ करून माझ्या भिंती भाजल्या, शेणानं लिंपल्या, कडब्याचं अस्तर लावलं. मग ज्वारी ओतली, तोंडावर फरशी ठेवली, माती लोटली आणि मला झोपवलं.

त्या अंधारात दाणे कुजबुजत राहायचे. वर बैलांचे पाय वाजले की त्यांना वाटायचं, आभाळ गडगडलं.

माझ्या पोटात कोंडलेली हवा मात्र वाईट. म्हणून तोंड उघडलं की एक रात्र तसंच ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा. विझला तर कुणी उतरायचं नाही. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा आणि त्यानं खाली ओवी म्हणत राहायची. ओवी थांबली की वरच्यानं दोर ओढायचा. असा रिवाज होता.

बहात्तरचा दुष्काळ पडला. ईश्वरप्पांनी गावासाठी मला उघडायचं ठरवलं. पण नेहमी उतरणारा गडी खडी फोडायच्या कामावर गेलेला. तेव्हा त्यांच्या शेतात राबणारी, बौद्धवाड्यातली धुरपताबाई पुढं झाली. तिनं हात लावलेली ज्वारी कशी खायची, म्हणून दोन-चार जण कुरकुरले. ईश्वरप्पांची बायको गुरम्मा त्यांना एवढंच म्हणाली, "मग तुम्ही उतरा." कुणी उतरलं नाही.

लोक सकाळपासून रिकाम्या टोपल्या घेऊन बसलेले. त्या घाईत कंदील सोडायचा राहून गेला. दोर धरला होता मलप्पानं, ईश्वरप्पांच्या तरण्या मुलानं. खालून आवाज आला,

खोल खोल पेवात उजेड दाण्याचा,
वर उभा भाऊ माझा राखण्या दोराचा.

टोपल्या भरत गेल्या. आणि ओवी मध्येच तुटली. मलप्पानं सगळा जीव लावून दोर ओढला. वाऱ्यावर निजवल्यावर धुरपताबाईनं डोळे उघडले.

"कामून वढलं? पाटी भरून राहिले व्हते की."

मलप्पा हसताहसता रडला. दुसऱ्या दिवशी कंदील नीट जळला, तेव्हाच ती पुन्हा उतरली. त्या साली गावातल्या भाकरीला माझाच आंबूस वास होता. कुरकुरणाऱ्यांच्या भाकरीलाही.

पुढं लातूर जिल्हा झाला. सडका आल्या, पोती आली, गोदामं आली. मी रिकामा झालो. अस्तर कुजलं, बेडूक वस्तीला आले. कुणी रागावलं नाही की काही नाही, नुसते विसरले. झोपेत मी जुनी ओवी आठवत राहायचो, पण माझं मला म्हणता येत नाही. वरून कुणी म्हणावं लागतं.

आता मलप्पाचे केस पिकलेत. त्यानं हे शेत जपायचं ठरवलं. गोठ्यात मोट, तिफण, औतं मांडली, खळ्यावर गावाला बसायला, गायला जागा केली. मला तेवढी जागा नव्हती. मुलं पडतील, बुजवून टाका, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं, आणि ते खोटंही नव्हतं. एके सकाळी मुरुमाचा ट्रॅक्टर माझ्या तोंडाशी येऊन उभा राहिला.

त्याच वेळी धुरपताबाईची लेक पंचशीला आली. आई गेली, म्हणून तिची दाणे भरायची पाटी गोठ्यात ठेवायला घेऊन. ट्रॅक्टर पाहून म्हणाली, "काका, थांबा जरा." माझ्या काठाशी बसली आणि आईची ओवी म्हणू लागली. मी शब्द न शब्द परत दिला. दुसऱ्या ओळीवर ओवी थांबली. आणि मलप्पाच्या दोन्ही मुठी आपोआप आवळल्या, दोर धरावा तशा.

"मुरूम वाटंवर टाक," तो ट्रॅक्टरवाल्याला म्हणाला. "पेव ऱ्हाऊ दे."

"आन पोरं पडली तर?"

"लोखंडाची जाळी बसवू."

"आन कंदील, काका," पंचशीला डोळे पुसत म्हणाली. "मागल्या टायमाला इसरला व्हता तुमी."

आता माझ्या तोंडावर जाळी आहे, वर कंदील टांगलाय. मित्रांनो, इथं आलात तर जाळीतून कागद टाकू नका. वाका, आणि गप्प राहू नका. अर्धी ओवी म्हणा, मी ती परत देईन. आणि तुमच्या गावात एखादं जुनं काही बोलायचं थांबलं असेल, तर दोर ओढायला उशीर करू नका.