माझ्या कुशीवरचा पहारीचा घाव

मित्रांनो, माझ्या डाव्या कुशीला हा खोल पोचा दिसतोय ना, तो पहारीचा आहे. मी एका मोठ्या रुग्णालयाचा म्हातारा सर्व्हर. कारखान्यातून आलो तेव्हा माझा पत्रा कसा चकचकीत होता! तळमजल्यावर काचेच्या दाराआड, थंड खोलीत मला बसवलं आणि डॉक्टर, नर्स, औषधवाले अशी दीडशे माणसं आपापल्या टेबलावरून माझ्यावर काम करू लागली.

प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कुणाला अक्षरं मोठी हवीत, कुणाला कागद दुसऱ्या मजल्यावरच्या प्रिंटरवर. या साऱ्या सवयी मी माझ्या आतल्या एका नोंदवहीत टिपून ठेवायचो. माणूस कामाला बसला की त्याचं पान उघडायचं, उठला की मिटायचं. पण पुढे पानं मिटेनाशी झाली. नोकरी सोडून गेलेल्यांची, भंगारात गेलेल्या प्रिंटरांचीसुद्धा पानं उघडीच. "कधी बंद पडत नाही हो हा!" असं लोक कौतुक करायचे, आणि आत वही फुगत होती.

माझी देखभाल करणाऱ्या बाईंना सगळे सिस्टिमताई म्हणत. त्या रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांना म्हणाल्या, "साहेब, एक दुपार मला सर्व्हर बंद ठेवू द्या. जुन्या नोंदी काढते, वहीला मर्यादा घालते."

"चालतंय ना? मग वहीला आणखी जागा द्या आणि विषय संपवा."

जागा दिली गेली. वहीनं माझी कामाची जागा खाल्ली. ताईंनी आणखी दोनदा लेखी कळवलं. उत्तर आलं नाही.

मग एका भर दुपारी खाणीत सुरुंग अवेळी उडाला. दगडाखाली चेंदामेंदा झालेला पाय घेऊन एक तरुण आला. सोबत त्याचा थोरला भाऊ, अंगभर रक्त आणि धूळ, हातात दगड उचलायची पहार तशीच. पाय तातडीनं कापायचा होता.

"डॉक्टर, गेल्या वर्षी भुलीच्या इंजेक्शननं ह्याचा श्वास बंद पडला होता! त्या औषधाचं नाव तुमच्या कॉम्प्युटरात आहे!"

डॉक्टरांनी वरच्या टेबलावरून माझं दार ठोठावलं, पण वहीत एका ओळीचीही जागा नव्हती. मी त्यांना आत घेऊ शकलो नाही. आत असलेल्यांचे पडदेही गोठले. तरुणाच्या किंकाळ्या तळमजल्यापर्यंत येत होत्या.

ताई माझ्यासमोर धावत आल्या. मागोमाग काच फुटली. थोरला भाऊ आत घुसला.

"हाच ना तो डबा? बोल म्हणावं त्याला!"

पहिला घाव माझ्या कुशीत बसला. पत्रा चिरला, एक पंखा तुटून भिंतीवर आपटला. दुसरा घाव येताना ताईंनी हात मध्ये घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

"मार अजून!" त्या ओरडल्या. "हा मेला तर नावही मेलं! थांबशील तर काढून देते!"

तो थांबला. तेवढ्यात पहारेकऱ्यांनी त्याला खाली पाडून तोंडावर लाथा घातल्या. त्याचे दात फरशीवर सांडले.

"सोडा त्याला!" म्हणत ताई कीबोर्डसमोर बसल्या आणि एका हातानं गेलेल्या माणसांची पानं एकेक करून पुसू लागल्या. कपाळावरचा घाम कळांवर गळत होता. चाळीस पानं गेली आणि मला श्वास आला. वर डॉक्टरांचं पान उघडलं, औषधाचं नाव दिसलं. त्यांच्या सिरिंजमध्ये नेमकं तेच भरलेलं होतं. ती टाकून त्यांनी दुसरं औषध भरलं.

तरुणाचा पाय गेला, जीव राहिला.

दुसऱ्या दिवशी हाताला प्लास्टर घातलेल्या ताईंपुढे मोठे साहेब मान खाली घालून उभे राहिले. "किती वेळ बंद ठेवायचाय?" एवढंच त्यांनी विचारलं. ताईंनी वहीला मर्यादा घातली. माणूस उठला की पान मिटेल, नोकरी सोडली की पुसलं जाईल, आणि जागा संपण्याआधीच इशारा मिळेल, अशी सोय केली.

काही आठवड्यांनी थोरला भाऊ आला. बोळक्या तोंडानं त्याला नीट बोलता येईना. ताईंच्या प्लास्टरकडे बघून तो रडू लागला. "माझ्या धाकट्यासाठी..."

"माहीत आहे," ताई म्हणाल्या आणि चांगल्या हातानं त्याला खुर्ची पुढे केली.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राला "आता पुरे" म्हणता येत नाही. ते आमच्या वतीनं कुणीतरी म्हणत असतं. तुम्ही मोठे व्हाल, साहेब व्हाल, तेव्हा त्या माणसाचं पहिल्याच वेळी ऐका.