लोणीच्या तळ्यातला मोती

मार्गशीर्षातलं सकाळचं ऊन निवलेल्या दुधासारखं असतं, आणि वन्संची आठवण मला नेहमी त्याच रंगात येते. तुमच्या आजोबांची ही थोरली बहीण; तुम्ही तिला फोनवरच पाहिलंत. मला मात्र चेहऱ्याआधी त्यांचा हात दिसतो: तळव्यावर पांढरा रुमाल, रुमालावर मोती, आणि त्या मोत्यांना झोपेतून उठवावं तसा हलकेच फिरवणारा अंगठा.

लोणी गावच्या बागायती घरात त्या नांदल्या. आमच्या गोतावळ्यात लग्न ठरलं की आधी नथ, आणि नथीचे मोती वन्संनी पाहिल्यावाचून कुणी घेत नसे. जुन्नरच्या सराफाकडे शिरल्या की त्या तबक उचलून थेट उंबऱ्याशी येत. दुकानातल्या दिव्याखाली, त्या म्हणत, सगळ्याच नवऱ्या गोऱ्या दिसतात. त्यांचं पाहणं ऋतूंसारखं क्रमानं येई. आधी तेज: मोत्यात दाराची चौकट रेखीव उमटायला हवी, धुक्यातल्यासारखी नव्हे. मग अंगावरचे डाग, मग शेजारच्या मोत्याशी रंगाचं जुळणं, आणि सर्वांत शेवटी भोक, कारण मोती आपलं कूळ तिथेच सांगतो.

वन्संच्या नातीच्या, सईच्या, नथीसाठी आम्ही गेलो तेव्हा सराफ म्हणाला, "आक्का, अस्सल बसरा हाय. दाताला लावून बघा."

"दातानं खरं-खोटं कळतं राव, गाव न्हाई कळत." त्यांनी भोकाशी डोळा नेला. वरचा थर आणि आतला मणी यांच्यामधली बारीक रेघ त्यांनी मलाही दाखवली. "मणी घालून वाढवलाय. मोती लई झ्याक हाय, कल्चर म्हणून दे. बसऱ्याचं नाव कशाला? दुसऱ्याचं आडनाव लावून लेकरू थोर व्हतं व्हय?"

सराफ हसला आणि भाव उतरला. तेवढ्यात वन्संच्या मुलानं, सईच्या बापानं, दत्तूनं, खिशातून कागदाची पुडी काढली. शेततळ्यात शिंपले सोडून त्यानं मोती धरले होते; गाव त्याला हसलं होतं. लेकीच्या नाकात आपल्याच पाण्यातला मोती असावा एवढ्यासाठी त्यानं काही शिंपले मुदतीआधी उघडले होते. पुडी त्यानं आईच्या रुमालावर रिकामी केली आणि तिच्या तोंडाकडे पाहत राहिला.

परक्याचा माल पाहताना वन्संनी जेवढा वेळ घेतला होता, तेवढाच घेतला. ना कमी, ना जास्त. मोती उन्हासमोर फिरला तसा आतला मणी पट्ट्या-पट्ट्यांनी डोकावला.

"घाई केलीस, दत्तू. थर पातळ हाय. चार सण झाले की सोलंल."

"आये, तुझ्या नातीचं लगीन हाय."

"म्हणूनच न्हाई."

माया आणि पारख एकाच हातात असूनही त्यांनी एकीचं वजन दुसरीच्या पारड्यात पडू दिलं नाही. दत्तूनं पुडी बांधली. नथ सराफाच्या मोत्यांची झाली. परतताना गाडीत त्याच म्हणाल्या, "उरलेल्या शिंपल्यांना हात लावू नको. ऱ्हाऊ दे निवांत."

त्यानं ते तसेच राहू दिले. गेल्या भाद्रपदात, तळं काठोकाठ भरलेलं असताना, वन्सं गेल्या.

परवा दत्तू त्या उरलेल्या शिंपल्यांतले मोती घेऊन माझ्याकडे आला. "मामी, आता तुमीच बघा." मी खिडकीशी गेले आणि घाई न करता पाहिलं. एक जरा लांबट होता, एकावर टाचणीच्या टोकाएवढा खळगा. ते दोन्ही बाजूला काढले. बाकीच्यांत खिडकीचे गज स्पष्ट उमटले, आतला मणी कुठे दिसेना, आणि रंगावर कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी फिकट गुलाबी झाक होती.

"हे नथीला चालतील," मी सांगितलं. "आणि कुणी विचारलं तर गाव लोणीच सांग."

"आई काय म्हणली असती?"

"हेच," मी म्हटलं, आणि मोती पुडीत बांधून त्याच्या हातात दिले.

तो गेल्यावर मी खिडकीशीच बसून राहिले. काळ आपलं काम पुरं करतो. ते ज्यांना दाखवायचं ती माणसं तेवढी तोवर थांबत नाहीत, आणि मग त्यांच्या वाटणीचं पाहणं आपण पाहायचं असतं.