उतरती रेघ

“बाळ रडलं की आधी घड्याळ बघायचं, मग बाळ.”

आत्याचा हा आवाज तिच्या कानात लहानपणीच मुरला होता. आई गेल्यावर आत्यानंच तिला पदराखाली घेतलं. आत्या प्रसूतिगृहात नर्स. शाळा सुटली की ती तिथल्याच बाकावर अभ्यास करत बसायची, आणि आतून कोवळं रडं उमटलं की जन्मवेळ टिपायला आत्याच्याही आधी घड्याळाकडे बघायची. “आकडेमोडीच्याच खात्यात जाशील तू,” आत्या हसायची.

आणि झालंही तसंच. जन्मल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आत देशभरात किती बाळं दगावतात ते दरवर्षी मोजायचं, आकड्याला आकडा जोडून रेघ काढायची, हे तिचं काम. रेघ वर्षागणिक उतरत होती. सगळ्यांत झरझर उतरली होती ती आत्याच्या प्रसूतिगृहाची. चारचौघांत ती ऊर भरून सांगायची, “तिथली मुख्य नर्स माझी आत्या.”

यंदा पडताळणीसाठी ती घरोघर आयांना भेटत होती. एका दारात तिनं आत्याच्या प्रसूतिगृहाच्या रजिस्टरातली नोंद वाचून दाखवली : मृतजन्म.

“मेलेला जन्मला? कोण म्हणतं?” त्या बाईनं हातातला ओला कपडा तसाच धरून ठेवला. “तासभर होता माझ्या छातीशी. बोट धरलं होतं माझं.”

पोटातच गेलेलं बाळ नवजात मृत्यूंत धरत नाहीत, त्याचा रकाना वेगळा. दुःखात बाईची गल्लत झाली असेल, असं समजून तिनं रजिस्टर पुन्हा उघडलं. त्याच ओळीच्या टोकाला इंजेक्शनची खूण होती. रक्तस्राव होऊ नये म्हणून जन्मल्यावर तासाभरात बाळाला टोचतात, ते इंजेक्शन. मेलेल्या बाळाला कोण टोचतं?

ती पानं उलटत गेली. आठ वर्षांत अशा तेवीस ओळी. सगळ्या आत्याच्या गोल, मायाळू अक्षरात. मनानं खोटं लिहिलं होतं, सवयीच्या हाताला मात्र ते जमलं नव्हतं.

रविवारी दुपारी ती गेली तेव्हा आत्या वाटाणे सोलत होती.

“ये गं. वाळून काडी झालीस. जेवणात आकडेच खातेस की काय?”

तिनं रजिस्टराच्या प्रती समोर ठेवल्या. आत्यानं चष्मा पुसला, लावला, पुन्हा काढला.

“बाळ गेलं की चौकशी लागायची,” आत्या म्हणाली. “माझ्या हाताखालच्या पोरींना गुन्हेगारासारखं उभं करायचे. मेलेलंच जन्मलं म्हटलं की कुणी फिरकायचं नाही.”

“आणि अशक्त बाळांना ऊब द्यायची यंत्रं?”

“दरवर्षी मागितली. कुठे मिळाली?”

“कशी मिळतील? तुमच्याकडे बाळं मरतच नाहीत, तुम्हाला गरज नाही, असं मीच लिहून दिलं. तुमच्या वाट्याची दोन दुसरीकडे पाठवली. तुझ्या अक्षरावर विश्वास ठेवून.”

आत्याच्या हातातली शेंग उघडलीच नाही.

“मला कधी विचारलं असतंस तर,” आत्या पुटपुटली.

“तुला विचारायचं? बाळ रडल्याची वेळ लिहायला मला तूच शिकवलंस, आत्या.”

आत्यानं खुर्ची जवळ ओढली, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. “दोन महिन्यांनी मी निवृत्त होतेय. तेवढं थांब. तेवीस ओळी गं, एवढ्या मोठ्या देशात कुणाच्या नजरेला येणार? माझं लेकरू ना तू?”

तो हात उबदार होता. तापात कपाळावर असायचा तोच. तिनं तो बाजूला केला नाही, आणि धरलाही नाही.

“एकदा तरी म्हणशील, माझं चुकलं, म्हणून इतका वेळ बसले,” ती म्हणाली. “त्या तेवीस ओळींची यादी मी कालच वर पाठवली, आत्या. तुझ्या नावासकट.”