आत सहा, बाहेर चार

गेटवर वनरक्षकाने प्रवेशाची चिठ्ठी उलटी करून पाहिली, उरलेली दोन माणसं मागच्या बाजूला लिहिलेली असावीत तशी. मग तो पुन्हा वाकला आणि धाकट्याच्या गाडीत डोकावला. पुढे धाकटा, शेजारी त्याची बायको. मागच्या सीटवर केळ्यांची पिशवी.

"सकाळी दोन गाड्या मिळून सहा जण आत गेलात," तो म्हणाला. "बाहेर चारच निघताय."

दोघं मागच्या गाडीत आहेत, असं धाकट्याने सांगितलं. मागे त्याच्या ताईची गाडी उभी होती. तीही बघून झाली होती, तरी वनरक्षक पुन्हा चालत तिकडे गेला, वाकला आणि गेला तसा परत आला. त्याच्यामागून ताईही आली.

"आई-बाबा तुझ्याकडे आहेत ना?" तिने विचारलं.

"तुझ्याकडे. आई म्हणाली, ताईच्या गाडीत बसतोय."

"मला म्हणाली, तुझ्या."

ताईच्या नवऱ्याने कुणी न सांगता उतरून डिकी उघडली, आत बघितलं आणि बंद केली. त्याला कुणी हसलं नाही. धाकट्यालाही क्षणभर तेच सुचलं होतं.

धाकटा लिफ्ट तपासनीस होता. सहा माणसं, चारशे आठ किलो, अशा पाट्या खऱ्या आहेत की नाहीत हे बघत तो दिवसभर इमारतींमधून हिंडे. त्याचे आई-बाबा मात्र बिनलिफ्टच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहत होते आणि दोन महिन्यांत बाबा जिन्यात दोनदा पडले होते. दुसऱ्यांदा सावरायला म्हणून आईने त्यांचा हात धरला आणि तीही त्यांच्यासोबत तीन पायऱ्या खाली गेली. तेव्हापासून भाऊ-बहीण रोज फोनवर बोलत होते. ठरलं ते असं: पुढच्या महिन्यापासून आई ताईकडे, बाबा धाकट्याकडे. एका घरात दोघं मावत नव्हती. म्हणजे मावली असती, पण मग दुसऱ्याची फारच सुटका झाली असती, आणि ते पहिल्याला बघवलं नसतं.

हे राष्ट्रीय उद्यानात सांगायचं ही ताईची कल्पना. घरी विषय काढला की आई उठून स्वयंपाकघरात जाते. इथे उठून जायला जंगलच होतं. शिवाय आठवणीत राहील अशी एक सहलही झाली असती.

उद्यानात गाडीतून उतरायची परवानगी एकाच ठिकाणी होती, आतल्या निवाऱ्यात. तिथे जेवणं झाल्यावर त्यांनी सांगून टाकलं. ताई दातांची डॉक्टर असल्यामुळे, काही दुखणार नाही असं आधी सांगून मग हात घालायची तिला सवय होती. आई नुसतं "बरं" म्हणाली. बाबांनी जरा विचार करून विचारलं, वाचायचा चष्मा कुणाकडे राहणार? दोघांचा नंबर एकच होता आणि चष्माही एकच. आधी बाबा पेपर वाचत, मग आई. ताई म्हणाली, दुसरा करून घेऊ. बाबा म्हणाले, हो, तेही आहेच.

निघताना आई धाकट्याच्या खिडकीपाशी आली होती. ताईच्या गाडीत पाय पसरता येतात, आम्ही तिकडेच बसतो, म्हणाली. धाकटा "चालेल" म्हणाला. ते "चालेल" आपल्या तोंडून किती पटकन निघालं होतं, हे त्याला आता गेटवर उभं राहून आठवत होतं. ताई मान खाली घालून किल्लीशी चाळा करत होती. तिनेही तेवढंच पटकन म्हटलं असणार.

आतल्या भागात फोन लागत नव्हता. अंधार पडायला जेमतेम तास होता. वनरक्षकाने जीप काढली आणि मागोमाग यायला सांगितलं. दोघांनाही जायचं होतं. एकच गेला असता तर दुसरा कसा दिसला असता?

"मग ह्यांना इथेच बसवून जा," वनरक्षक धाकट्याच्या बायकोकडे आणि ताईच्या नवऱ्याकडे बघत म्हणाला. "आणखी माणसं कमी झाली तर मला उत्तर देता यायचं नाही."

वाटेत रानडुकरांचा कळप रस्ता ओलांडेपर्यंत थांबावं लागलं. पिल्लं मधे, मोठी दोन्ही बाजूंना. धाकट्याने ती मोजली. अकरा. मग पुन्हा मोजली.

निवाऱ्यात, कठड्याच्या आत, आई-बाबा बाकावर शेजारी शेजारी बसले होते. कठड्याबाहेर तीन हरणं त्यांच्याकडे बघत उभी होती, तिकीट काढून आल्यासारखी. गाड्यांच्या आवाजाने ती पळाली.

बाबांनी घड्याळ बघितलं. "सव्वा तास," ते आईला म्हणाले.

ताई धावतच गेली. किती घाबरलो, इथे जनावरं फिरतात, काही झालं असतं म्हणजे, असं सगळं ती एका दमात बोलली.

"आम्ही दोघं होतो की," आई म्हणाली.

धाकट्याने विचारलं, "मला एक सांगितलंस, तिला एक. मुद्दाम?"

आईने पिशवीची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. "तुम्हाला कुठे कळलं? वाटेत की गेटवर?"

"गेटवर."

"म्हणजे कुणीतरी मोजलं म्हणून."

"अगं, वळणाचा रस्ता आहे," बाबा म्हणाले. "चालवताना मागे बघायला होत नाही."

 धाकट्याने जाऊन आपल्या गाडीचं मागचं दार उघडलं. ताईने तिच्या गाडीचं उघडलं. दोन दारांमध्ये दहा-बारा पावलांचं अंतर होतं. आईने आधी एका दाराकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे, बाबांच्या कोपराला धरलं आणि मधून चालत जीपपाशी गेली.

"यात आम्ही दोघं मावू का हो?"

"मावाल की, आजी," वनरक्षक म्हणाला. "पण धक्के बसतील."

"बसू देत."

जीपची पायरी उंच होती. धाकटा धावत गेला, खाली बसला आणि गुडघा पुढे केला. आईने चप्पल काढून हातात घेतली आणि मगच त्यावर पाय ठेवला, परक्या माणसाच्या गुडघ्यावर ठेवावा तसा. बाबांना त्याने काखेत हात घालून वर घेतलं. ते त्याच्या अंदाजापेक्षा फार हलके निघाले.

जीपचं मागचं बाक उलट्या तोंडाचं होतं. त्यामुळे गेटपर्यंतची सबंध वाट आई-बाबा धाकट्याच्या समोर, त्याच्याकडे तोंड करून बसून होते. एका हाताने वरची दांडी, दुसऱ्या हाताने एकमेकांना धरून. अंधारून आलं तसे धाकट्याने दिवे लावले. दोघांनीही डोळे बारीक केले. त्याने दिवे बंद केले.

मागून ताई हॉर्न देऊन दिव्यांची खूण करत राहिली. त्याने लावले नाहीत. पुढे दिसेल तेवढ्या रस्त्यावरून, जीपच्या मागोमाग, तो हळूहळू चालवत राहिला.