बेचाळिसावं घर

न्यू जर्सीच्या विद्यापीठात कुटुंबांची पाहणी करणाऱ्या दिगंबर सरांच्या चार पानी फॉर्ममध्ये बापासाठी एकच प्रश्न होता: वडील याच पत्त्यावर राहतात का? हो किंवा नाही. २००६च्या उन्हाळ्यात त्यांच्या हाताखालच्या सुमेधाने तिथल्याच पिस्कॅटवे गावाच्या आसपास एकेचाळीस आफ्रिकन अमेरिकन घरांत बसून हा फॉर्म भरला होता. आणि आता तो गठ्ठा बघितला तरी तिचं डोकं तडकत होतं.

जास्त राग स्वतःचाच होता. ती रेमंडच्या घरी गेली, तेव्हा स्कूलबस चालवणारा तो आडदांड माणूस स्टुलावर बसून सहा वर्षांच्या जनेलच्या बारीक बारीक वेण्या घालत होता. हातात कंगवा, बोटांना तेल, आणि तोंडाने लेकीकडून सातचा पाढा म्हणून घेणं चाललेलं. त्याची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून तो झोपायला तेवढा दोन गल्ल्या सोडून तिच्याकडे जायचा. जनेलची आई हॉस्पिटलात ड्यूटीवर. त्यामुळे जनेल सोमवारी आईच्या आईकडे जेवायची, मंगळवारी आत्याकडे, बुधवारी चर्चमधल्या एका म्हाताऱ्या बाईंकडे. संध्याकाळी वेण्या मात्र बापाच्याच हातच्या. अशा वीस-बावीस बापांनी मिळून कम्युनिटी सेंटरच्या एका खोलीत शनिवारचं मंडळ चालवलं होतं. वेण्या कशा घालायच्या, पोराला ताप आला तर काय करायचं, शाळेत शिक्षकांशी काय बोलायचं, सगळं एकमेकांना शिकवायचे. आणि सुमेधाने काय केलं, तर रेमंडच्या हातचं लिंबू सरबत पीत 'नाही'वर खूण केली!

कॉम्प्युटरने निकाल काढला: वडील गैरहजर, सांभाळणारे बदलते, घर अस्थिर. तब्बल एकोणतीस घरं अस्थिर. त्यावरून मंडळाचा वस्तीला काही उपयोग नाही, खोली काढून घ्यावी, अशी शिफारस सर सोमवारी कम्युनिटी सेंटरला पाठवणार होते.

सेंटरवर आधीच पोचलेल्या कच्च्या अहवालाची प्रत घेऊन रेमंड स्वतः तिच्या ऑफिसात आला.

"सतरा नंबर म्हणजे माझंच घर ना, मिस? मग त्या दिवशी स्टुलावर कोण बसलं होतं?"

एवढंच विचारून तो गेला. बस सुटायची वेळ झाली होती. सुमेधाला मान वर करवली नाही.

ती तडक सरांकडे गेली.

"सर, हे रिझल्ट्स चुकीचे आहेत. आपण प्रश्नच चुकीचा विचारलाय."

"सुमेधा, इमोशनल होऊ नकोस. डेफिनिशन म्हणजे डेफिनिशन. रोज वेगळ्या घरी जेवणारं मूल स्टेबल कसं म्हणायचं? या लोकांच्यात फॅमिली स्ट्रक्चरच नाही, त्याला आपण काय करणार?"

या लोकांच्यात! तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. दर गणपतीत जेवणं झाली की हेच सर आपली गोष्ट सांगत. आई लहानपणीच गेली, वडील कोकणात, आणि पुण्यात आठ वर्षं वार लावून जेवलो. सोमवारी गोडबोल्यांकडे, मंगळवारी केतकरांकडे. सात घरांनी मला वाढवलं, असं ते म्हणत आणि काकवा पदराने डोळे टिपत. आपले ते संस्कार आणि दुसऱ्याची ती अस्थिरता! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय?

तिने कोरा फॉर्म घेतला, भरला आणि तासाभराने सरांपुढे ठेवला.

"एक घर राहिलं होतं, सर. बेचाळिसावं."

सर वाचू लागले. "आई नाही... वडील दुसऱ्या गावी... सात केअरगिव्हर्स? बाप रे! हे तर सगळ्यात वर्स्ट. सिव्हिअर रिस्क लिही. अशा मुलांचं पुढे काय होतं, कल्पना आहे तुला?"

"आहे ना, सर. शेवटच्या पानावर पत्ता आहे, वाचा."

सरांनी पान उलटलं. नारायण पेठ, पुणे. खाली सोमवार ते रविवार, वारांपुढे सात आडनावं. गोडबोल्यांवर त्यांचं बोट बराच वेळ थांबलं.

सुमेधाने सतरा नंबरचा फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला आणि वर पेन ठेवलं.

"आता हा तुम्ही भरा."

सरांनी पेनाला हात लावला नाही. पण सोमवारी ती शिफारस गेली नाही.